हृदय थांबते तेव्हा मेंदूचे काय? : बालहृदय-शस्त्रक्रियेच्या इतिहासाची दुसरी बाजू

इ. स. २०१९ च्या पावसाळ्यात आमच्या नात्यातील एका अडीच महिन्यांच्या बालकाची हृदय-शस्त्रक्रिया पुण्यातील एका रुग्णालयात झाली. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागात क्षणभर डोकावण्याची अनुमती मिळाली. नळ्या, तारा आणि यंत्रे यांच्या गर्दीत ते चिमुकले बाळ शोधावे लागत होते. त्याच्या छातीवर पट्टी होती, ते समजण्याजोगे होते. परंतु एक रुंद चिकटपट्टी त्याच्या कपाळावरही होती आणि तिच्यातून निघालेली तार एका पडद्याला जोडलेली होती. पडद्यावर एक आकडा चमकत होता, मधूनच एखाद-दोन अंकांनी खालीवर होत होता. तेथील तरुण डॉक्टरांना मी विचारले, "शस्त्रक्रिया हृदयाची, मग पट्टी कपाळाला कशासाठी?" ते म्हणाले, "काका, हृदय आम्ही दुरुस्त केले. पण तेवढ्या वेळात त्याच्या मेंदूला प्राणवायू पुरत होता की नाही, ते ही पट्टी सांगते. अजून दोन दिवस ती तिथेच राहील."

मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे; वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर कापडाच्या पेढीवर बसलेला मनुष्य आहे. तथापि त्या कपाळावरील पट्टीने माझ्या मनात जे कुतूहल निर्माण केले, ते पुढे काही वर्षे मला पुस्तकांकडे आणि जाणकार डॉक्टरांकडे नेत राहिले. हृदय-शस्त्रक्रियेचा इतिहास सामान्यतः हृदयाच्या बाजूने सांगितला जातो. तो मेंदूच्या बाजूने सांगितला तर कसा दिसतो, हे सुज्ञ वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम मेंदूची भूक किती असते ते पाहू. प्रौढ माणसाच्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जो प्राणवायू वापरते, त्यातील सुमारे वीस टक्के एकटा मेंदू घेतो. आणि आश्चर्य असे की, या खर्चिक अवयवाजवळ शिल्लक काहीच नसते. स्नायूंजवळ थोडाबहुत साठा असतो, यकृताजवळ असतो. मेंदूचा सगळा व्यवहार रोखीचा. रक्त थांबले की काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि शरीराचे तापमान नेहमीचे असेल तर चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते.

मेंदूला नेमके किती रक्त लागते, याचे जिवंत माणसातील पहिले भरवशाचे मोजमाप अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४५ च्या सुमारास केले. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला आपण हास्यवायू म्हणतो, तो अल्प प्रमाणात हुंगावयास देऊन मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूकडून परतणाऱ्या रक्तात तो किती आहे हे मोजावयाचे. आत किती गेले आणि बाहेर किती आले यावरून मध्ये काय घडले ते काढावयाचे. कोणत्याही व्यापाऱ्याला चटकन कळेल अशी ही रीत आहे. प्रौढांत शंभर ग्रॅम मेंदूमागे दर मिनिटाला सुमारे पन्नास मिलिलिटर रक्त, असा आकडा निघाला. पुढे १९५७ मध्ये चार्ल्स केनेडी आणि लुई सोकोलॉफ यांनी हीच रीत लहान मुलांना लावली. तेव्हा तीन ते अकरा वर्षांच्या मुलांत हा आकडा शंभराच्या वर गेला, म्हणजे प्रौढांच्या जवळजवळ दुप्पट. वाढत्या मुलाच्या शरीरातील प्राणवायूचा अर्ध्याच्या आसपास वाटा त्याचा मेंदूच खात असतो. मूल दिसावयास लहान, पण त्याचा मेंदू मोठ्या माणसापेक्षा अधिक मागणारा, ही गोष्ट पुढील सर्व हकिकतीच्या मुळाशी आहे.

बालकांच्या हृदयरोगावरील शस्त्रक्रियांचा प्रारंभ १९३८ मध्ये बोस्टन येथे झाला. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची जन्मतःच उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधून बंद केली. त्यानंतर १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लेलॉक, हेलन टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून 'निळ्या बालकां'वरील सुप्रसिद्ध शस्त्रक्रिया झाली. (थॉमस हे कृष्णवर्णीय साहाय्यक, पदवी नसलेल्या या कुशल हातांनी ती शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत घडविली आणि तिच्या नावात त्यांचे नाव जोडले जाण्यास अनेक दशके लागली.) परंतु या दोन्ही शस्त्रक्रिया हृदयाच्या बाहेरच्या होत्या. हृदय धडधडत होते, मेंदूला रक्त जात होते. हृदय उघडून आत हात घालावयाचा तर त्यातून वाहणारे रक्त थांबवावे लागणार आणि ते थांबले की चार-पाच मिनिटांचे घड्याळ सुरू होणार. हृदय स्वतः थोडा काळ उपाशी राहू शकते. अडसर होता तो मेंदूचा.

या अडसरावर पहिला उपाय थंडीने दाखविला. कॅनडातील टोरांटो येथील शल्यविशारद विल्फ्रेड बिगेलो यांनी असा विचार केला की, मेंदूला रक्त अधिक देता येत नसेल तर त्याची भूकच कमी करता येईल काय? शरीर थंड केले तर प्राणवायूची गरज घटेल, हे तत्त्व सोपे वाटते. पण त्या काळी समजूत उलटी होती. थंडीने प्राणी कुडकुडतो आणि कुडकुडण्यात प्राणवायू अधिकच खर्च होतो, हे सर्वांनी पाहिलेले होते. बिगेलो यांनी भूल देऊन कुडकुडणे थांबविले आणि दाखविले की, तसे केल्यास तापमानाबरोबर प्राणवायूची गरज खाली येत जाते. त्यांचे हे काम १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे शीतनिद्रा घेणाऱ्या ग्राउंडहॉग नावाच्या प्राण्याचाही त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. हे सर्व प्रयोग कुत्र्यांवर आणि अन्य मुक्या जीवांवर झाले, त्यांतील अनेक दगावले. आपल्या संस्कारांत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. ते वगळून हा इतिहास सांगणे मात्र अप्रामाणिकपणाचे झाले असते.

दि. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीवर हा उपाय योजला. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र होते. थंड द्रव खेळविलेल्या पांघरुणांत गुंडाळून तिचे तापमान २८ अंश सेल्सिअसपर्यंत आणले, हृदयाकडे येणारे रक्त रोखले, हृदय उघडले, छिद्र शिवले आणि रक्ताची वाट पुन्हा मोकळी केली. सगळे मिळून साडेपाच मिनिटे. मग शेतावर जनावरांना पाणी पाजावयाच्या टाकीसारख्या टाकीत कोमट पाणी भरून त्या मुलीला ऊब दिली. ती वाचली. डोळ्यांनी पाहत हृदयाच्या आत केलेली ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया होय.

साडेपाच मिनिटांत एक छिद्र शिवता येते. परंतु गुंतागुंतीचा जन्मदोष दुरुस्त करावयास अर्धा तास, तासभर लागतो. तेवढ्या वेळासाठी मेंदूला रक्त कोण पुरविणार? लुईस यांच्याच विद्यापीठातील वॉल्टन लिलेहाय यांनी या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते वाचून आजही अंगावर काटा येतो. बालकाच्या शेजारी त्याच्या पित्याला किंवा मातेला निजवावयाचे आणि एका साध्या पंपाच्या साहाय्याने दोघांचे रक्ताभिसरण जोडावयाचे. तेवढा वेळ आईबापांचे हृदय आणि फुप्फुसे दोन देहांचे काम करणार!

यामागेही मेंदूच्या भुकेचाच एक शोध होता. इंग्लंडमध्ये अँड्रिअसेन आणि वॉटसन या दोघांनी १९५२ मध्ये असे दाखविले होते की, हृदयाकडे रक्त आणणाऱ्या दोन महानीला बंद करून केवळ एक छोटी नीला चालू ठेवली, तरी नेहमीच्या मानाने सुमारे दहाव्या हिश्शाच्या रक्तावर प्राणी अर्धा तास तगतो आणि त्याचा मेंदूही शाबूत राहतो. थोडक्यात, निकडीच्या वेळी मेंदू अत्यंत काटकसरीने राहू शकतो. लिलेहाय यांना यातून धीर आला.

दि. २६ मार्च १९५४ रोजी साधारण एका वर्षाच्या एका मुलावर, त्याच्या पित्याला जोडून, पहिली शस्त्रक्रिया झाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील छिद्र बंद झाले. अकरा दिवसांनी ते बाळ न्यूमोनियाने गेले. लिलेहाय थांबले नाहीत. पुढच्या सव्वा वर्षात अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या, २८ बालके घरी परतली आणि तीस वर्षांनंतरही त्यांतील २२ जण हयात होते. ज्या मुलांना कोणताच उपाय नव्हता, त्यांच्या बाबतीतला हा आकडा आहे हे लक्षात घ्यावे. रक्त देणाऱ्या आईबापांपैकी कोणी दगावले नाही. मात्र एका मातेच्या रक्तात हवा शिरली आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. यशाची यादी करताना ही नोंद बहुधा गाळली जाते. मला ती गाळावीशी वाटत नाही.

याच सुमारास यंत्रही सिद्ध होत होते. फिलाडेल्फियाचे जॉन गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी सुमारे दोन दशके खपून बनविलेल्या हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीने ६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांच्या एका तरुणीवर शस्त्रक्रिया यशस्वी झाली. १९५५ मध्ये मेयो क्लिनिकचे जॉन कर्कलिन यांनी त्या यंत्रात सुधारणा करून ते चालविले. त्याच वर्षी मिनेसोटाच्या रिचर्ड डीवॉल यांनी प्राणवायूचे बुडबुडे सोडणारे स्वस्त व सुटसुटीत यंत्र केले आणि आईबापांना शेजारी निजविण्याची गरज उरली नाही. आपल्या देशातही १९६० च्या दशकाच्या प्रारंभी वेल्लोर आणि मुंबई येथे यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. यंत्राची कथा मोठी आणि सुरस आहे, पण ती अन्यत्र पुष्कळ वाचावयास मिळते, असो.

यंत्र आले तरी तान्ह्या बालकांचा प्रश्न सुटला नव्हता. तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात सगळे मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असते. त्या काळचे अवाढव्य यंत्र भरावयासच त्याच्या कितीतरी पट द्रव लागे. शिवाय अक्रोडाएवढ्या त्या हृदयात नळ्या घातल्यावर शल्यविशारदाला शिवावयास जागा उरत नसे. म्हणून पुन्हा थंडीचाच आश्रय घेण्यात आला, परंतु आता अधिक खोल थंडीचा. लंडनमध्ये चार्ल्स ड्रू यांनी १९५९ मध्ये अतिशीत अवस्थेतील शस्त्रक्रियांचे अनुभव प्रसिद्ध केले. जपानमध्ये सेंदाई आणि क्योतो येथील वैद्यांनी १९६० च्या दशकात तान्ह्या बालकांसाठी ही रीत घडविली. तिला खऱ्या अर्थाने जगभर नेले ते न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या ग्रीन लेन रुग्णालयाचे ब्रायन बॅरेट-बॉइज यांनी, १९६९ पासून पुढे. भूल दिलेल्या बाळाभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवून त्याला गार करावयाचे, मग थोडा वेळ यंत्रावर घेऊन वीस अंशांच्या आसपास आणावयाचे आणि नंतर यंत्रही बंद करावयाचे. हृदय थांबलेले, रक्त थांबलेले, नळ्या काढून घेतलेल्या. शल्यविशारदापुढे एक निश्चल, रक्तहीन, स्वच्छ हृदय. त्यांच्या दृष्टीने यासारखे सुख नाही. तासाभरात काम आटोपावयाचे, पुन्हा यंत्र जोडावयाचे आणि बाळाला ऊब द्यावयाची.

जी बालके पूर्वी पहिला वाढदिवसही पाहत नसत, ती या रीतीने हजारोंच्या संख्येने जगली. हे उपकार लहान नाहीत.

परंतु 'एक तास सुरक्षित' हा आकडा कशावरून ठरला होता? बाळ शुद्धीवर आले, दूध पिऊ लागले, हातपाय हलवू लागले आणि घरी गेले, यावरून. आमच्या धंद्यात नव्या कापडाचा रंग पेढीवर कितीही पक्का दिसला तरी त्याची परीक्षा पहिल्या धुण्यात होते. तान्ह्या मेंदूचे तसेच आहे. तीन महिन्यांच्या बाळाकडून वाचन, गणित, नीट वाक्यरचना यांची अपेक्षाच नसते. त्यामुळे त्या शक्तींत काही उणे झाले असेल तर ते सात-आठ वर्षे कोणाला दिसत नाही. दिसते तेव्हा ते शाळेच्या गुरुजींना दिसते आणि गुरुजींना त्या जुन्या शस्त्रक्रियेची वार्ता नसते.

संशय प्रथम बोस्टनच्या बालरुग्णालयात बळावला, आणि तो संशय घेणारे कोणी विरोधक नव्हते. अल्डो कास्तानेडा यांच्या नेतृत्वाखाली नवजात बालकांच्या हृदय-शस्त्रक्रियेत ज्यांनी जगात अग्रस्थान मिळविले होते, तेच हे लोक. महारोहिणी आणि फुप्फुसाची रोहिणी जन्मतःच अदलाबदल होऊन जोडलेल्या असण्याचा एक दोष आहे. ब्राझीलचे अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये त्या पुन्हा अदलाबदल करून जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. बोस्टनमध्ये १९८३ पासून ती नवजात बालकांवर होऊ लागली आणि उत्तम होऊ लागली. पण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या काही बालकांचे हातपाय काही दिवसांनी आपोआप, वेडेवाकडे हलू लागले. हृदय ठीक, इजा मेंदूच्या खोल भागात. या रुग्णालयाने ती गोष्ट दडविली नाही, १९९२ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली.

त्याआधीच, १९८८ मध्ये, जेन न्यूबर्गर, डेव्हिड बेलिंजर, रिचर्ड जोनस आदींनी एक मोठा अभ्यास हाती घेतला होता. या महारोहिणीच्या दोषाची १७१ बालके. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. दोन्हींत शरीर खोल थंड केले. परंतु एका गटात रक्ताभिसरण प्रामुख्याने पूर्ण थांबविले, तर दुसऱ्यात यंत्राने मंद गतीने, बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ५० मिलिलिटर, रक्त चालू ठेवले. १९९३ मध्ये पहिला अहवाल आला. रक्त थांबविलेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर आकडी येण्याचे प्रमाण कितीतरी अधिक होते. १९९५ मध्ये, मुले एक वर्षाची झाल्यावर, शारीरिक हालचालींच्या कसोटीत त्या गटाचे गुण सरासरी साडेसहांनी कमी भरले.

येथे एखाद्याने निकाल लावून वही मिटली असती. बोस्टनच्या मंडळींनी ती उघडी ठेवली, आणि मला हा या सर्व इतिहासातील सर्वांत मोठा भाग वाटतो. मुले चार वर्षांची झाली तेव्हा त्यांना पुन्हा बोलाविले, आठ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा. आठव्या वर्षी १५५ मुले आली. सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मुलांच्या जवळपासच होता. परंतु रक्त थांबविलेल्या गटात हातांची सफाई आणि उच्चार यांत उणीव होती, तर मंद रक्त चालू ठेवलेल्या गटात उतावीळपणा आणि वर्तनाच्या तक्रारी अधिक होत्या. म्हणजे दुसरी रीतही पूर्णतः निर्दोष ठरली नाही! रक्त थांबविण्याचा काळ आणि इजा यांचा संबंधही तपासला. काही मर्यादेपर्यंत फारसा फरक पडत नाही, साधारण ४१ मिनिटांच्या पुढे मात्र गुण घसरू लागतात, असे आढळले. तासाभराच्या सुरक्षिततेची समजूत तेथे संपली.

सोळाव्या वर्षी १३९ जण आले. त्यांचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गटांतील फरक आता बराचसा पुसला गेला होता, पण दोन्ही गट मिळून पाहता अनेक कसोट्यांत ही मुले समवयस्कांच्या मागे होती आणि सुमारे दोन तृतीयांश मुलांना शाळेत अभ्यासासाठी किंवा वर्तनासाठी कधी ना कधी विशेष साहाय्य घ्यावे लागले होते. आपल्याच पेढीच्या मालातील दोष सोळा वर्षे शोधत राहणारा व्यापारी मी तरी पाहिलेला नाही.

या काळात मेंदूच्या रक्तप्रवाहाची प्रत्यक्ष मोजमापेही होऊ लागली होती. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात विल्यम ग्रीली आणि सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९१ च्या सुमारास झेनॉन नावाच्या वायूच्या साहाय्याने शस्त्रक्रिया चालू असताना बालकांच्या मेंदूतील रक्तप्रवाह मोजला. दोन गोष्टी उघड झाल्या. एक, निरोगी मेंदू रक्तदाब कमी-अधिक झाला तरी आपला पुरवठा स्थिर राखतो. परंतु अतिशीत अवस्थेत ही शक्ती नाहीशी होते आणि यंत्राचा दाब पडला की मेंदूचे रक्तही पडते. दुसरी अधिक चिंताजनक. ज्यांचे रक्ताभिसरण पूर्ण थांबविले होते त्यांना ऊब देऊन रक्त सुरू केल्यावरही मेंदूतील प्रवाह लगेच पूर्वपदावर येत नाही. भुकेल्याच्या पुढे पान वाढले, पण त्याला खाववत नाही, असा हा प्रकार.

याच संदर्भात कर्बवायूची एक मोठी विलक्षण हकिकत आहे. रक्त थंड झाले की त्याची आम्लता बदलते. शस्त्रक्रियेत ती किती राखावी? कासव-सरडे यांसारख्या थंड रक्ताच्या प्राण्यांत ती आपोआप बदलू दिली जाते. शीतनिद्रा घेणारे प्राणी मात्र कर्बवायू शरीरात राखून ठेवतात. १९८० च्या दशकात बहुतेक ठिकाणी कासवाची रीत शास्त्रशुद्ध म्हणून स्वीकारली गेली, बोस्टनमध्येही. परंतु कर्बवायूने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. तो कमी ठेवला की त्या आकुंचित होतात, आणि मग बाळ थंड करीत असताना मेंदूच्या सर्व भागांना गार रक्त सारखे पोहोचत नाही. हातपाय वेडेवाकडे हलणाऱ्या त्या मुलांच्या मागे हेही एक कारण असावे, असा कयास झाला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्याच १८२ तान्ह्या मुलांच्या तुलनेत शीतनिद्रेच्या रीतीचे पारडे शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत जड दिसले, एक वर्षानंतर मात्र विकासाच्या कसोट्यांत दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. लहान मुलांसाठी पुष्कळ केंद्रे पुन्हा जुन्या रीतीकडे वळली. बिगेलो ग्राउंडहॉगच्या मागे उगाच लागले नव्हते, असे वाटते. असाच फेरविचार रक्त पातळ करण्याच्या प्रघाताबद्दल झाला. २००३ मधील अभ्यासात असे दिसले की, तांबड्या पेशींचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत खाली नेलेल्या बालकांपेक्षा ते ३० टक्क्यांच्या आसपास राखलेल्यांची वर्षभरानंतरची हालचालींतील प्रगती बरी होती.

आता कपाळावरच्या पट्टीकडे येऊ. अंधारात तळहातामागे विजेरी धरली तर हात लालसर उजळतो, हे आपण लहानपणी सर्वांनी पाहिले आहे. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश याहूनही खोल, कवटीच्या हाडातूनही आरपार जातो आणि प्राणवायूने भरलेले रक्त व प्राणवायू गमावलेले रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये हे तत्त्व मांडले. त्यावरूनच पुढे ही पट्टी झाली. बाळाला सुई टोचावी लागत नाही, काही हुंगवावे लागत नाही. नळी किंचित सरकली, रक्ताची वाट अडली, की आकडा उतरतो आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला तत्काळ इशारा मिळतो. केटी-श्मिट यांच्या काळी मेंदूचा जमाखर्च एकदा मांडावयास खटाटोप पडे, आता तो क्षणोक्षणी पडद्यावर असतो. अर्थात ही पट्टी केवळ कपाळामागच्या भागातील प्राणवायूची कल्पना देते, संपूर्ण मेंदूची किंवा प्रत्यक्ष रक्तप्रवाहाची नव्हे. आकडा चांगला म्हणून मूल निर्धोक, असे अनुमान जाणते डॉक्टर काढत नाहीत.

महारोहिणीच्या कमानीवरील शस्त्रक्रियेत तर मेंदूकडे जाणाऱ्या वाटाच अडतात. तेथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानी आणि अमेरिकी वैद्यांनी मेंदूकडे जाणाऱ्या एकाच रोहिणीतून रक्त चालू ठेवण्याची युक्ती काढली. ही रीत निःसंशय श्रेष्ठ ठरेल, असे कोणालाही वाटेल. परंतु मिशिगनमध्ये ७७ बालकांत रीतसर तुलना करून २००७ मध्ये निष्कर्ष आला तो असा की, एक वर्षाच्या वयात दोन्ही गटांच्या विकासात लक्षणीय फरक नाही.

असे का व्हावे? कारण दोष सगळा शस्त्रक्रियेच्या त्या तासाचा नव्हता. फिलाडेल्फिया येथील डॅनियल लिक्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये २५ बालकांच्या मेंदूतील रक्तप्रवाह शस्त्रक्रियेपूर्वीच चुंबकीय प्रतिमेने मोजला. सरासरी शंभर ग्रॅममागे मिनिटाला वीस मिलिलिटरही भरली नाही. सुरी लागण्याच्या आधीच ही बालके अर्धपोटी होती. नंतर २००७ ते २०१० या काळातील अभ्यासांनी दाखविले की, गंभीर हृदयदोष असलेल्या पूर्ण दिवसांच्या नवजात बालकांचा मेंदू सुमारे महिनाभर आधी जन्मलेल्या बाळासारखा अपक्व असतो आणि हा फरक गर्भातील शेवटच्या तीन महिन्यांत पडू लागतो. अपक्व मेंदूला इजाही लवकर होते. पन्नास वर्षे शल्यविशारदांनी आपल्याच हातांवर ठेवलेला ठपका अशा रीतीने काहीसा हलका झाला. आणि आईबापांना, विशेषतः मातांना, मी मुद्दाम सांगू इच्छितो की, तो त्यांच्याकडेही सरकत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये असे निवेदन काढले की, तान्ह्या वयात हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या बालकांची वाढ, बोलणे, अभ्यास आणि वर्तन यांची ठराविक वयांत तपासणी व्हावी, दोष दिसण्याची वाट पाहू नये. आपल्याकडे फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. या कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयरोग आहे आणि विकासातील विलंबही आहे. जिल्हा पातळीवर त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजनाही आहे. शस्त्रक्रियेचा खर्च कसा उभा करावा, यासाठी लोक एकमेकांकडे विचारणा करतात, चिठ्ठ्या आणतात. शस्त्रक्रिया झाल्यावर या केंद्रात मुलाला न्यावे काय, हे विचारण्यास माझ्या पाहण्यात अद्याप कोणी आलेले नाही.

आमच्या नात्यातील ते बाळ आता शाळेत जाते. बोलावयास थोडे उशिरा लागले, पण आता बडबड थांबत नाही. पेन्सिल धरताना मात्र बोटे अवघडतात, अक्षर ओळीवर राहत नाही. त्याच्या आईने शस्त्रक्रियेच्या कागदांची फाइल जपून ठेवली आहे. किती मिनिटे यंत्रावर होता, तापमान किती अंश होते, हे सर्व त्यात लिहिलेले आहे. गेल्या जूनमध्ये वर्गशिक्षिकेला भेटावयास जाताना ती फाइल तिने पिशवीत घालून नेली आणि शिक्षिकेसमोर उघडून ठेवली.